अधिकारपत्र, मुदत आणि हिशेब



तात्पुरत्या लष्करी आघाड्या आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा संघटना यांच्या नात्याचा विचार करण्यासाठी आपण करवीरनगरीत आलात. स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

हा विषय कोल्हापूरला परका नाही. १९५३ मध्ये कोरियात शस्त्रसंधी झाली आणि मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. दक्षिण कोरियाच्या सरकारनं आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून हेलिकॉप्टरनं त्यांना निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. या दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः काटेरी तारांच्या आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणलं. एवढी हिंमत आणि एवढा संयम दाखवणारा सेनानी या मातीतला होता, याचा आम्हाला अभिमान आहे.

कोरियात लढलेली फौज मात्र संयुक्त राष्ट्रांची स्वतःची नव्हती. सनदेच्या ४३व्या कलमानुसार सदस्य देशांनी करार करून सुरक्षा परिषदेला सैन्य द्यायचं होतं. तसे करार आजवर झालेले नाहीत. म्हणून ७ जुलै १९५० च्या ८४ क्रमांकाच्या ठरावानं संयुक्त सेनेचं नेतृत्व अमेरिकेकडे सोपवलं आणि संयुक्त राष्ट्रांचा ध्वज वापरायची मुभा दिली. ध्वज सर्वांचा होता, पण हुकूम वॉशिंग्टनचा चालला. त्या ठरावात मुदत नव्हती. ते सेनापतिपद आजही कायम आहे.

याउलट पूर्व तिमोर पाहा. १५ सप्टेंबर १९९९ ला सुरक्षा परिषदेनं बळ वापरायचा अधिकार दिला, पाच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज तिथं उतरली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिनं सूत्रं संयुक्त राष्ट्रांच्या हाती दिली. आणीबाणीच्या वेळी आघाडीची चपळाई लोकांचे प्राण वाचवते, हे तिथं दिसलं. २००३ मध्ये इराकवर चाल करणाऱ्या आघाडीकडे परिषदेची स्पष्ट मान्यता नव्हती. पुढे त्या आघाडीसाठी सैन्य पाठवण्याची विनंती आली तेव्हा भारतानं नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं सांगितलं. तो निर्णय योग्य होता, असं माझं ठाम मत आहे.

मित्रहो, सुरक्षा परिषदेकडे स्वतःचं सैन्य नाही, तोवर आघाड्या लागणारच. पण बळ वापरणाऱ्यानं तीन गोष्टी मान्य केल्याच पाहिजेत : आधी अधिकारपत्र, त्यात लिहिलेली मुदत, आणि वेळोवेळी परिषदेपुढे हिशेब. यातली एक जरी सुटली, तरी त्याची किंमत त्या देशातली सामान्य माणसं मोजतात. नकाराधिकारानं परिषदच अडून बसली तर काय करायचं, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. त्याला या दोन दिवसांत बगल देऊ नका, भरपूर वेळ द्या. विशेषतः तरुण अभ्यासकांनी ज्येष्ठांची भीड न धरता मतं मांडावीत.

आपल्या निवास-भोजनाच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा. ही परिषद यशस्वी होवो, अशी मनापासून इच्छा व्यक्त करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी कामकाजाला आरंभ करावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!