डंपरच्या तेलाचा ताप
(भाषणाचा मजकूर)



वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. त्यांच्या तळातून कोळसा आणि त्यावरील माती-दगड वर आणण्याचे काम डंपर करतात. 35, 60 वा 100 टनांचे ओझे घेऊन हे वाहन चढ चढते, रिकामे होऊन पुन्हा खाली उतरते. हा क्रम तिन्ही पाळ्यांत चालतो. एक डंपर बंद पडला की त्याच्या भरवशावर उभे असलेले खोदयंत्रही खोळंबते. म्हणून डंपरच्या प्रकृतीकडे लक्ष देणे हा उत्पादनाचा व सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

अशा अनेक डंपरांत गिअर आपोआप बदलतात. चालकाला पायाने क्लच दाबावा लागत नाही. इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते ती तेलाच्या माध्यमातून. इंजिनाने फिरणारे एक पाते तेल फेकते व त्या तेलाच्या जोराने समोरचे दुसरे पाते फिरते. दोहोंच्या वेगात जेवढे अंतर, तेवढी शक्ती वाया जाऊन तेल तापते. भरलेला डंपर चढावर सावकाश रेटत असताना हे अंतर मोठे असते. वेग वाढला की दोन्ही पाती एकमेकांस जखडली जातात आणि ताप कमी होतो. उतारावर वेग आवरणारी यंत्रणाही पुष्कळदा याच तेलावर चालते, त्यामुळे उतरतानाही तेल तापू शकते.

हे तेल थंड ठेवण्यासाठी कूलर असतो. परंतु त्याची शक्ती हवेवर अवलंबून असते. तेल 85 अंश सेल्सिअसवर असताना हिवाळ्याच्या पहाटे हवा 15 अंशांवर असली, तर दोहोंत 70 अंशांचे अंतर राहते. मे महिन्यात चंद्रपूरची हवा 45 अंशांवर गेली की ते 40 अंशांवर येते. त्यात रेडिएटरच्या जाळीत कोळशाची धूळ बसली, तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाटच उरत नाही.

सर्वसाधारणपणे तळातील तेलाचे तापमान 70 ते 95 अंशांच्या दरम्यान असणे योग्य. 120 अंशांच्या पुढे काटा गेला तर धोका समजावा. नेमकी मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावी; कारण मोजणी तळाशी होते की पात्यांतून बाहेर पडणाऱ्या तेलाची होते, यावर आकडा बदलतो. तेल फार तापले की त्याचा चिकटपणा घटतो, ते काळवंडते, त्याला करपल्याचा वास येतो आणि आतील क्लचच्या चकत्या जळू लागतात.

काटा वर चढल्यास चालकाने काय करावे? वाहन सुरक्षित जागी सपाटीवर थांबवावे, ब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व इंजिन बंद न करता मध्यम वेगाने चालू ठेवावे. इंजिनाबरोबर तेल फिरत राहते आणि कूलरमधून जाऊन निवते. दोन-तीन मिनिटांत काटा खाली न आल्यास वाहन पुढे न नेता कार्यशाळेस कळवावे. तेलाची पातळी कमी असणे जसे घातक, तसेच ती जास्त असणेही. जास्त तेल घुसळून फेसाळते व तापते.

येथे खरी अडचण यंत्राची नसून माणसाची आहे. पाळीच्या शेवटी खेपांची मोजणी होते, काट्याची होत नाही. थांबलेली पाच मिनिटे हिशेबात दिसतात. वाचलेला गिअरबॉक्स दिसत नाही. म्हणून थांबणाऱ्या चालकास दोष न देता त्याची नोंद घेण्याची रीत पर्यवेक्षकांनी घातली पाहिजे. प्रत्येक पाळीत चढाच्या माथ्यावरील तापमान लॉगबुकात लिहावे. एरवी 90 अंश दाखविणारा डंपर त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्याने व तशाच हवेत 105 दाखवू लागला, तर मर्यादा ओलांडण्यापूर्वीच बिघाडाची सूचना मिळते.

ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर असो वा नगरपालिकेचा पाण्याचा टँकर, सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक वाहनास हाच नियम लागू आहे. काटा यंत्रासोबत मिळतो. तो पाहण्याची व लिहून ठेवण्याची सवय मात्र संस्थेनेच लावावी लागते.