खोक्यावरचं चित्र आणि आतला मावळा

मी रायपूरहून बोलतोय.

फौजेतून निवृत्त झालो तेव्हा हात रिकामे राहू नयेत म्हणून छोटे सैनिक बनवायला लागलो. ढाल-तलवारवाला मावळा, भालाईत, तोफेजवळचा गोलंदाज. उंची 54 मिलिमीटर. पावणेसहा फुटी माणूस 32 पट लहान केला की साधारण एवढा होतो. आधी मातीत घडवायचा, सिलिकॉनचा साचा काढायचा, रेझिन ओतायचं आणि मग बारीक ब्रशने रंगवायचा. एका मावळ्यामागे माझे दोन दिवस जातात.

पहिल्या दिवाळीत आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात टेबल मांडलं. चाळीस मावळे बुटाच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. किंमत तीनशे. एक ताई म्हणाल्या, "काका, किल्ल्यावरचे मावळे ना? पुण्यात टोपलीत किती स्वस्त मिळतात!" संध्याकाळपर्यंत तीन विकले गेले. दोन भाले वाटेतच मोडले होते.

मला राग आला, पण ताई चुकीचं बोलल्या नव्हत्या. पुण्यात दिवाळीला घरोघरी मातीचा किल्ला होतो. तिथे टोपलीतला मावळा कशासाठी आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याला खोकं लागत नाही. माझा मावळा वेगळा आहे, हे सांगणारं मात्र टेबलावर काहीच नव्हतं. मीही गप्प उभा होतो, परेडला उभा राहावा तसा.

दुसऱ्या वर्षी खोकं केलं. आत फोम, वर रंगीत चित्र. चित्रात अख्खा किल्ला, पाच मावळे, मागे धुराचे लोट. सगळे चाळीस विकले गेले! मी खूश.

चार दिवसांनी एक गृहस्थ मुलाला घेऊन दारात आले. मुलगा असेल आठ वर्षांचा. त्याने साठवलेले पैसे दिले होते. खोकं उघडलं तर आत एकच मावळा. तो मला म्हणाला, "आजोबा, बाकीचे चार कुठे गेले?"

मंडळी, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो, पण त्या प्रश्नापुढे मान वर करता आली नाही. एक मावळा असल्याचं खोक्यावर लिहिलं होतं. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. मी पैसे परत केले, मावळाही त्यालाच दिला.

मग जगात लोक हे कसं करतात ते पाहिलं. जपानची तामिया कंपनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अडचणीत होती. पँथर रणगाड्याच्या मॉडेलच्या खोक्यासाठी त्यांनी शिगेरू कोमात्सुझाकी या नामवंत चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. मॉडेल खपलं, कंपनी सावरली. म्हणजे चित्राची ताकद खरी आहे. पण याच कंपनीने पुढे पांढऱ्या पार्श्वभूमीची खोकी आणली. त्यावर मॉडेलच ठसठशीत दिसतं. आज ते पांढरं खोकंच तिची ओळख झालं आहे. उलट, इंग्लंडच्या एअरफिक्सने 1952 मध्ये 'गोल्डन हाइंड' जहाजाचं मॉडेल दोन शिलिंगांत बसवण्यासाठी खोकंच टाळलं. प्लॅस्टिकची पिशवी आणि वर कागदाची पट्टी. माल स्वस्त तर वेष्टनही स्वस्त, हाही हिशेबच आहे.

आता माझं खोकं तीन कामं करतं. पहिलं, मावळा धडधाकट पोहोचवणं. आमच्या रायपूरच्या मे महिन्यात कुरियरच्या गाडीत रेझिनचा पातळ भाला वाकतो. म्हणून भाला वेगळा, फोमच्या खाचेत ठेवतो. दुसरं, खरं सांगणं. समोर पारदर्शक खिडकी, आणि मागे मावळ्याचं त्याच्या खऱ्या उंचीएवढं चित्र, म्हणजे फोनवर मोठा दिसलेला सैनिक हातात आल्यावर लहान वाटत नाही. तिसरं, ओळख. हा कोण, हातात काय, कोणी घडवला, हे चार ओळींच्या कार्डावर. खोक्याला पस्तीस रुपये पडतात. वर्षाला साठ-सत्तर मावळे जातात आणि एकही परत येत नाही. निम्मी गिऱ्हाइकं जुनीच असतात.

हे फक्त माझ्या छंदापुरतं नाही. इथून सव्वादोनशे किलोमीटरवर कोंडागाव आहे. तिथले घडवा कारागीर मेणाचे धागे गुंडाळून ढोकरा मूर्ती घडवतात. मेण वितळून जातं, त्या जागी धातू उतरतो आणि मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणजे तशीच दुसरी मूर्ती होत नाही. तरी मी स्वतः अशी मूर्ती किलोच्या भावाने विकत घेतली आहे, नावागावाशिवाय. सोबत कारागिराच्या नावाचं कार्ड असतं, तर ती काट्यावर ठेवायला माझाच हात धजावला नसता.

तुम्ही घरी काही बनवून विकत असाल तर आज एक करा. तुमचं खोकं आठ वर्षांच्या मुलाच्या हातात द्या आणि विचारा, "आत काय असेल?" त्याचं उत्तर आणि आतला माल जुळला, तरच ते खोकं बाजारात पाठवा.

जय हिंद!