घोडबंदरची फेरी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या घोडबंदर फेरीवर दोन शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. फोटो तुम्ही नोटीस बोर्डावर पाहिलेच आहेत. फोटोत जे नाही ते सांगतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपण बावीसजण चेणे गावाशी बसमधून उतरलो आणि चेणे नदीच्या कडेने निघालो. नॅशनल पार्कच्या जंगलातून येऊन ही नदी वसईच्या खाडीला मिळते. इतकी वर्षं इथे राहून आपल्याजवळ नदी आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. खाडी म्हणजे तरी काय, राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदीच. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती आपल्या दारात समुद्राला भेटते.

किल्ल्यावरून हे सगळं एका नजरेत दिसतं. पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तो या खाडीच्या वाटेवर लक्ष ठेवायला. इथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून घोडबंदर. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पुढे सगळंच इंग्रजांकडे गेलं. हे मी घरून पाठ करून गेलो होतो. बोललोही झकास.

पण माझ्या नोटिशीत एक ओळ होती : "रस्ता पाहून आलो आहे, वाटेत पाणी मिळेल." मी रस्ता पाहिला नव्हता. गुडघा दुखत होता म्हणून गेलो नाही आणि तसं लिहायची लाज वाटली. बँकेत पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो, माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका!

हायवेच्या कडेला सावली नव्हती. साडेदहालाच ऊन तापलं, बाटल्या संपल्या. किल्ल्याच्या चढावर ए विंगमधल्या वहिनींना चक्कर आली. दोघांनी धरून त्यांना खाली गावात आणलं. एका घरातल्या आजींनी ओसरीवर चटई टाकली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, वर आम्हालाच ओरडल्या, "म्हाताऱ्या माणसांना एवढ्या उन्हात कोण आणतं?"

मी गप्प उभा होतो. वहिनींच्या मुलीने संध्याकाळी फोनवर विचारलं, "काका, तुम्ही आधी जाऊन बघून आला होतात ना?" मी "हो" म्हटलं. आज ती इथे बसली आहे. नव्हतो गेलो, बाळ.

यंदाची फेरी पुढच्या रविवारी आहे. गेल्या मंगळवारी मी एकटा चालून आलो. थांबत थांबत मला दोन तास लागले. पाणी प्रत्येकी दोन लिटर, टोपी हवीच, सहाला गेटवर. दहाच्या आत परतीच्या बसमध्ये. नावं वॉचमनकडच्या वहीत लिहायची आहेत. पहिलं नाव वहिनींचं आहे.