चंद्र, गणित आणि वेध



उपनगरातल्या आकाशाविषयी बोलायचे तर आधी ते शोधून काढावे लागेल, असे आपण म्हणाल. आणि ते खोटे नाही. मुलुंडला आमच्या गच्चीवरून पाहावे तर पश्चिमेला डोंगर आणि इतर तिन्ही बाजूंना इमारती. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून अवघा १९ अंश वर असतो. तो आम्हाला कधीच दिसत नाही. चंद्र मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून त्याच्यावर दुर्बीण रोखण्याच्या, दिसायला सोप्या अशा कामाविषयी मी आज बोलणार आहे.

हल्ली संगणक जोडलेली दुर्बीण मिळते. तिला स्थळ, तारीख आणि वेळ सांगायची, दोन तारे ओळखून द्यायचे. मग हवे ते नाव निवडले की नळी आपोआप तिकडे वळते. अशी एक दुर्बीण मी चैत्र शुद्ध अष्टमीला गच्चीवर मांडली. अष्टमीच का? तर पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्या नसतात. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडतात, आणि तिथेच पाहण्यासारखे असते.

व्याध आणि मघा हे तारे मी स्वतः नळीच्या मध्यावर आणून दिले. मग 'चंद्र' निवडला. नळी घरघरत वळली आणि थांबली. पहिला मान तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा. मोतीबिंदू काढून त्यांना दोन महिने झाले होते. जिना चढून मुद्दाम आल्या होत्या. डोळा लावून म्हणाल्या, "नुसता उजेड दिसतोय रे." मी म्हणालो, "आजी, नीट पाहा, डोळा जरा जवळ आणा." दोनदा सांगितले. शेवटी त्या बाजूला झाल्या. "माझ्याच डोळ्यांचा दोष असेल. मुलांना बघू दे."

तेवढ्यात एका मुलाने मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या शोधनळीला डोळा लावला. "काका, चंद्र फुलीच्या बाजूला आहे!"

दोष कुठे होता? यंत्राने सुरुवातीला विचारले होते, "उन्हाळी वेळ आहे काय?" चैत्राचे दिवस, अंगातून घामाच्या धारा, मी बिनदिक्कत 'होय' म्हटले! यंत्राला विचारायचे होते ते हे, की तुमच्या देशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात का. आपल्याकडे आज तशी प्रथा नाही. मुंबईकराला वेळेचा घोळ तसा नवा नाही म्हणा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकली; आणि १९४२ ते १९४५ या युद्धकाळात देशभरची घड्याळे खरोखरच एक तास पुढे होती.

पण वेळ चुकली तर तारे बरोबर कसे आले? कारण ते मी हाताने मध्यावर आणले होते. यंत्राने आपले आकाश त्यांच्यावरून जुळवून घेतले आणि चूक झाकली गेली. तारे एकमेकांशी आपले अंतर सोडत नाहीत. चंद्र मात्र त्यांच्यामधून दर तासाला सुमारे अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका, पूर्वेकडे सरकतो. तासापूर्वी चंद्र जिथे होता तिथे यंत्राने इमानाने नळी रोखली. मी उत्साहाने मोठ्या वर्धनाचे भिंग लावले होते. त्यातून अर्ध्या अंशाहूनही कमी आकाश दिसे. मग उजेडाशिवाय दिसणार काय?

स्थळही तसेच खरे सांगावे लागते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने अगदी शेजारी. एकाच क्षणी मुंबईहून आणि लंडनहून पाहिला तर ताऱ्यांमधली त्याची जागा अंशभरापर्यंत बदललेली दिसू शकते.

आपल्या ज्योतिषात दोन शब्द जोडीने येतात: गणित आणि वेध. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः ग्रहांचे वेध घेत आणि जुन्या ग्रंथांतले गणित त्यांच्याशी ताडून पाहत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा १५२० सालचा 'ग्रहलाघव' पुढे महाराष्ट्रात पंचांगांचा आधार झाला. गणित आणि आकाश जुळेना, तेव्हा या मंडळींनी गणित सुधारले. मी त्या रात्री उलट केले. यंत्राच्या गणितावर विश्वास ठेवला आणि एका वृद्ध बाईच्या डोळ्यांवर संशय घेतला. आजींनी घेतलेला वेध अगदी अचूक होता. उजेड होता, म्हणून त्यांनी उजेड सांगितला.

यंत्राला माझा विरोध नाही. पृथ्वीच्या फिरण्याने दोन मिनिटांत चंद्र आपल्या रुंदीइतका सरकतो. त्याच्यामागे नळी न थकता फिरवत ठेवणे हे यंत्रानेच करावे. पण "दिसत नाही" असे कोणी म्हटले, तर आधी यंत्र तपासावे. दुसऱ्याचा डोळा नंतर.

मी वेळ दुरुस्त केली, चंद्र फुलीवर आणला आणि आजींना परत बोलावले. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, हा तर सगळा खडबडीत आहे!"

मी त्यांची क्षमा मागितली.