तहानेपेक्षा जास्त पाणी



जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन जवळ आली की एक सल्ला हमखास कानावर पडतो : तहान लागायची वाट बघू नका, आधीच पीत राहा. या सल्ल्यापायी जगात धावपटूंचे जीव गेले आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. 13 टक्के लोकांचं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोल किंवा त्याहून खाली उतरलं होतं. तिघांचं तर 120 किंवा त्याहूनही कमी. धावल्यावर वजन घटायचं, यांतल्या अनेकांचं उलट वाढलं होतं, इतकं ते वाटेत प्यायले होते. जास्त धोका होता तो चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना. मागून येणाऱ्या हौशी धावपटूला पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबायला सवड असते ना!

एरवी आपली मूत्रपिंडं तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. दीर्घ श्रमात तेवढंही होत नाही, कारण पाणी धरून ठेवणारं संप्रेरक शरीरात स्रवत राहतं. मग रक्त पातळ होतं, त्यातलं सोडियम घटतं आणि पाणी पेशींत शिरतं. बोटं सुजली, अंगठी घट्ट झाली, तर एक वेळ निभावतं. मेंदूला मात्र कवटीच्या आत फुगायला जागाच नसते. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आकडी येते. स्पोर्ट्स ड्रिंकनेही हे टळत नाही. त्यातलं सोडियम रक्तातल्यापेक्षा फारच कमी असतं.

घात होतो तो पुढेच. पाणी कमी पडलं तरी माणूस असाच दिसतो, म्हणून भोवतालचे लोक मायेने त्याला आणखी पाणी पाजतात. कृपा करून तसं करू नका. किती प्यायला ते सोबत्यांना विचारा, आणि वैद्यकीय तंबूत नेऊन सोडियम तपासायला सांगा.

उन्हात राबणाऱ्यांनी हे ऐकून पाणी तोडू नये. त्यांनी तहान नसली तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहावं. धावणाऱ्यांनी मात्र तहान लागेल तसं प्यावं.

आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर उन्हाळ्यातसुद्धा त्याला वरचं पाणी चमचाभरही देऊ नका. त्याची मूत्रपिंडं अजून कोवळी असतात, जास्तीचं पाणी ती नीट बाहेर टाकू शकत नाहीत. त्याला लागणारं सगळं पाणी आईच्या दुधातूनच मिळतं.