जुनी मोटार आणि सतरा अक्षरे



जमीन विकत घेताना आपण उतारा काढून पाहतो, चतुःसीमा मोजून घेतो, बोजा आहे की काय याची चौकशी करतो. परंतु जुनी मोटार घ्यावयाची वेळ आली की हाच सावध गृहस्थ रंगाची चकाकी आणि बैठकींची गादी पाहून बयाणा देऊन मोकळा होतो. मोटारीलाही स्वतःचा एक उतारा असतो. तो तिच्या अंगावरच कोरलेला असतो. त्यालाच आपण चॅसिस नंबर म्हणतो.

पूर्वी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे हा क्रमांक घालीत असे. १९८१ सालापासून अमेरिकेत तो सतरा अक्षरांचा ठरला आणि पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली. तेव्हा फार जुन्या मोटारीवर सतरा अक्षरे नसली तर लगेच शंका घेऊ नये. अलीकडच्या मोटारीवर मात्र ती मोजून सतराच भरली पाहिजेत. त्यांत इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीही येत नाहीत. कारण ती एक आणि शून्य या अंकांशी सहज मिसळतात. यांपैकी एखादे अक्षर दिसले तर तो क्रमांक कारखान्याचा नव्हे, हे निश्चित समजावे.

पहिली तीन अक्षरे कारखान्याचे कूळ सांगतात. एम-ए-३ म्हणजे मारुती सुझुकी, एम-ए-टी म्हणजे टाटा, एम-ए-एल म्हणजे ह्युंदाई. मधली अक्षरे गाडीची जात आणि बांधणी सांगतात, शेवटचे अंक तिचा अनुक्रम. पुष्कळ गाड्यांत दहावे अक्षर सालाचे असते : एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, आर म्हणजे २०२४. विकणारा २०२० ची गाडी म्हणत असेल आणि दहाव्या जागी एच असेल, तर कारण विचारावयास संकोच कशाला?

आता हे इतके बारकाईने का पहावयाचे? अपघातात निकामी झालेली मोटार भंगारात जाते. कायद्याप्रमाणे तिची नोंदणी रद्द व्हावयास हवी. परंतु कधी कधी तिचे कागद मात्र जिवंत राहतात. मग त्याच जातीची, त्याच रंगाची चोरीची मोटार आणून तिचा मूळ क्रमांक घासून काढतात आणि मेलेल्या मोटारीचा क्रमांक तिच्यावर ठोकतात. कागद खरे, मोटार परकी! अशी मोटार पोलिसांनी जप्त केली, तर आपला प्रामाणिकपणा आपल्या कामी फारसा येत नाही. विकणाऱ्याची जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याची, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व आहे. मोटार जाते आणि पैसेही जातात.

म्हणून क्रमांक दिवसाउजेडी, स्वतःच्या डोळ्यांनी पहावा. तो कोठे कोरला आहे, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. अक्षरे एका ओळीत आणि सारख्या खोलीची आहेत का? भोवताली घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा सांधा किंवा ताजा रंग आहे का? धातूची पट्टी असल्यास तिचे रिव्हेट नवे वाटतात का? मग त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल घासावी आणि उठलेला छाप नोंदणीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पहावा. इंजिनाचा क्रमांक निराळा असतो. तोही तसाच तपासावा. घासून काढलेला क्रमांकही पुष्कळदा नाहीसा होत नाही. ठशाच्या दाबाने खालचा धातू बदललेला असतो आणि प्रयोगशाळेत आम्ल लावले असता तो पुन्हा उमटू शकतो.

आपल्यासारख्या सीमेवरच्या गावांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगावात गोव्याची अथवा कोल्हापूरची पाटी असलेली मोटार विकावयास येते. ती आपल्या नावावर करावयाची तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये करावयाचा असतो आणि त्यावर चॅसिस नंबराचा पेन्सिल-छाप द्यावा लागतो. ‘प्रमाणपत्र मागाहून आणून देतो’ या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नये. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा असेल, तर तो उतरल्याचा नमुना ३५ कर्ज देणाऱ्याच्या सहीनिशी मिळाल्यावाचून व्यवहार पुरा करू नये.

या साऱ्या तपासणीस अर्धा दिवस पुरतो. ज्याचा माल खरा आहे, तो विकणारा या चौकशीने रागावत नाही. जो रागावतो, घाई करतो, बॉनेट उघडण्यास टाळाटाळ करतो, त्याला नमस्कार करून घरी परतावे. मोटार दुसरी मिळेल. कष्टाने साठविलेला पैसा पुन्हा मिळणे अवघड असते.