मिक्सर बंद पडला म्हणजे जळालाच असं नाही

आज आपण आपल्या ओट्यावरच्या मिक्सरविषयी बोलणार आहोत. तो चांगला कसा ठेवायचा, अडला तर आधी काय बघायचं, आणि दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हे कसं ठरवायचं, एवढे तीनच विषय. आमच्या गटाला हे सगळं पैसे घालवून कळलं. तुमचे वाचावेत म्हणून सांगतो.

आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. दिवाळीच्या आधी आम्हाला दहा किलो शेंगदाण्याच्या चटणीची मागणी आली. एकीच्या घरचा मिक्सर आणला आणि सकाळपासून लावला. तिसऱ्या किलोला मिक्सर गप्प झाला. थोडा वासही आला. सगळ्याजणी म्हणाल्या, जळाला. कुणी तो उलटा करूनसुद्धा बघितला नाही. मागणी तर पुरी करायची होती. गटाच्या पैशातले 3,200 रुपये काढले आणि त्याच संध्याकाळी नवा मिक्सर आणला. त्या महिन्यात आमच्यातल्या एकीने मुलाच्या फीसाठी कर्ज मागितलं होतं. तिला म्हणावं लागलं, बाई, पुढच्या महिन्यापर्यंत थांब.

दोन महिन्यांनी तो जुना मिक्सर तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात नेला. कारागिराने तो उलटा केला, खालचं एक लाल बटण दाबलं आणि मिक्सर सुरू झाला. कपलर झिजला होता, तो 60 रुपयांत बदलून दिला. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तेव्हा पहिलं हे लाल बटण ओळखून घ्या. बहुतेक मिक्सरच्या तळाला किंवा मागच्या बाजूला ते असतं. मोटरवर फार भार आला की ती जास्त वीज ओढते आणि तापते. मोटर जळू नये म्हणून हे बटण उडतं आणि वीज तोडतं. म्हणजे ते मिक्सरची राखण करतं. बटण उडलं तर आधी प्लग काढा. भांड्यातला माल निम्मा करा. दहा-पंधरा मिनिटं मोटर थंड होऊ द्या. मग बटण दाबा आणि पुन्हा सुरू करा. कमी माल असूनही ते परत परत उडत असेल, तर मात्र दाबत बसू नका. आत काही बिघडलं आहे, मिक्सर दाखवायला न्या.

आता समजा बटण दाबूनही मिक्सर चालत नाही. मिक्सरचे आपण तीन भाग धरू : वरचं भांडं, मधला कपलर आणि खालची मोटर. कपलर म्हणजे मोटरच्या डोक्यावरची दातेरी चक्री. तिच्यात भांड्याखालची चक्री अडकते आणि पातं फिरतं. बिघाड या तीनपैकी कुठे आहे ते आपल्याला घरी बघता येतं. त्याला पान्हा लागत नाही.

सुरुवात भिंतीतल्या बोर्डापासून करा. त्याच ठिकाणी मोबाईलचा चार्जर लावून बघा. वीजच येत नसेल तर मिक्सरचा काय दोष? काही मिक्सर भांडं नीट बसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेही बघा.

मग प्लग काढून भांडं हातात घ्या. ते रिकामं करून उलटं धरा आणि खालची चक्री बोटाने फिरवा. ती सहज फिरली पाहिजे. घट्ट झाली असेल तर आतला बुश जाम झाला आहे. डगडग हलत असेल, भांड्याखालून पाणी गळत असेल किंवा काळं तेलकट येत असेल, तर बुश झिजला आहे. ते काळं वाटणातही उतरतं, म्हणून असं भांडं वापरू नका. बुश आणि पातं बदलून मिळतं. त्यासाठी अख्खा मिक्सर टाकायचं कारण नाही.

आता कपलर. मोटरचा आवाज जोरात येतो, पण पातं फिरत नाही किंवा थांबून थांबून फिरतं, असं झालं की कपलरचे दाते बघा. दाते गोल झालेले दिसतील, किंवा एखादा तुटलेला असेल. भांड्याखालच्या चक्रीचे दातेही बघा. एक झिजलेला ठेवून दुसरा नवा घातला तर नवाही लवकर जातो. कपलर घरी काढायला जाऊ नका. पुष्कळ मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा फिरवला की तो आणखी घट्ट बसतो आणि जोर लावला की तुटतो.

राहिली मोटर. आतल्या मोटरला दोन बाजूंनी कार्बनचे दोन छोटे तुकडे टेकलेले असतात. पेन्सिलीच्या शिशासारखे काळे. मोटर फिरताना ते घासतात आणि हळूहळू झिजतात. आत बारीकशी निळसर ठिणगी दिसणं हे या मोटरीला नवं नाही. पण मोठ्या ठिणग्या उडत असतील, वेग कमीजास्त होत असेल, किंवा थाप मारली की चालू आणि पुन्हा बंद असं होत असेल, तर कार्बन संपले असण्याचा संभव जास्त. ते स्वस्त असतात. दोन्ही एकदम बदलून घ्या.

पण धूर निघाला, करपल्याचा उग्र वास आला आणि नंतर मोटर हललीच नाही, तर तारेचं वेटोळं जळलं असं समजा. शेतातल्या पाण्याच्या मोटरीचं होतं तेच. मग मोटर भरून घ्यावी लागते किंवा बदलावी लागते. नव्याकोऱ्या मिक्सरला पहिले काही दिवस थोडा वास येतो तो मात्र तारेवरच्या लेपाचा. तो आपोआप जातो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो त्या क्षणी बंद करा. आधी बोर्डाचं बटण बंद, मग प्लग बाहेर. दुरुस्त होईपर्यंत कुणालाही वापरू देऊ नका. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून मिक्सर लावू नका. घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. मिक्सर लावताना पदर खोचलेला आणि केस बांधलेले असावेत.

आता काळजीचं. भांडं गळ्यापर्यंत भरू नका, निम्म्याच्या थोडं वर पुरे. शेंगदाण्याला तेल सुटतं, माल तळाला चिकटतो आणि पातं अडतं. म्हणून शेंगदाणे थोडे थोडे घ्या आणि थांबून थांबून फिरवा. खोबऱ्याचे तुकडे करा. हळकुंड अख्खं टाकू नका, आधी खलबत्त्यात फोडा. भाजलेला मसाला पूर्ण निवू द्या. घरगुती मिक्सर सलग चालवायला केलेला नसतो. पुष्कळ मिक्सरच्या माहितीपुस्तकात पाच मिनिटं चालू आणि दोन मिनिटं बंद असं लिहिलेलं असतं. आपल्या मिक्सरचं पुस्तक मुलीकडून वाचून घ्या आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असेल तर जड वाटण सकाळवर ठेवा. जोर कमी पडला की पातं अडतं आणि मोटर तापते.

मिक्सर जाड कापडावर किंवा पोत्यावर ठेवू नका. तळाच्या भोकांमधून मोटरला वारा मिळतो, तीच बंद होतात. खालचा भाग नळाखाली कधी धरू नका, प्लग काढून पिळलेल्या फडक्याने पुसा. भांड्यात थोडं पाणी घालून दोन-चार सेकंद फिरवलं की पात्याखालचं निघतं. भांडं रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नका, पाणी बुशात उतरतं.

आता दुरुस्ती की नवा? आम्ही आता असं करतो. बिघाड भांड्याचा, कपलरचा, कार्बनचा, बटणाचा किंवा वायरचा असेल तर दुरुस्तीच. मोटर जळली असेल तर तीन गोष्टी विचारतो. मिक्सर किती वर्षांचा आहे? हमी शिल्लक आहे का? पुष्कळ मिक्सरना दोन वर्षांची हमी असते आणि मोटरला त्याहून जास्त, म्हणून पावती आणि कार्ड आधी शोधा. आणि खर्च किती? नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला, मिक्सर जुना असला आणि बाकीचे भागही झिजले असले, तर नव्याचा विचार करतो. निम्म्याहून कमी असेल तर मोटर भरून घेतो आणि त्या कामाची हमी किती दिवसांची ते पावतीवर लिहून घेतो. हमी चालू असताना बाहेरच्या माणसाकडून स्क्रू उघडू नका, हमी जाऊ शकते.

दुकानात जाताना नुसतं "बिघडलाय" म्हणू नका. आवाज येतो की नाही, ठिणगी दिसते का, बटण उडतं का, ते सांगा. खर्च आधी विचारा. काढलेला जुना भाग परत मागून घ्या.

नवा घेताना आयएसआयची खूण बघा आणि विचारा, याचे भाग तालुक्याला मिळतात का? हा प्रश्न जुनाच आहे. 1960 च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर जळाला आणि तो इथे दुरुस्त होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर त्यांनी इथेच बनवला. पुढे घरोघरी पोचलेला सुमीत मिक्सर तो हाच.

आमच्या गोष्टीचा शेवट अजून राहिला. चटणीसाठी घेतलेला तो नवा मिक्सर सहाव्या महिन्यात खरोखर जळाला. कंपनीकडे गेलो तर त्यांनी कार्डावरची ओळ दाखवली : हमी फक्त घरगुती वापरासाठी. विकायच्या मालासाठी वापरला, म्हणून हमी नाही. ती ओळ आम्ही घेताना वाचलीच नव्हती. तेव्हा मैत्रिणींनो, गटाचं काम असेल तर घरगुती मिक्सर त्यात झिजवू नका. व्यवसायासाठीचा मोठा मिक्सर घ्या किंवा माल कांडपावर न्या. आम्ही आता मसाला कांडपावर नेतो, आणि घरचे मिक्सर घरच्या वाटणापुरतेच.

घरच्या मिक्सरची हमी असूनही कुणी दाद देत नसेल, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पण हातात पावती हवी. पावतीची शाई उडते, म्हणून घेतल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला एकीने आपला मिक्सर घेऊन या. प्लग न लावता तो मधे ठेवा. लाल बटण कुठे आहे, कपलरचे दाते कसे आहेत, भांड्याखालची चक्री फिरते का, हे प्रत्येकीने हाताने बघा. आम्ही असं केलं त्या दिवशी बाराजणींपैकी चौघींच्या भांड्यांचे बुश झिजलेले निघाले. चारही भांडी एकदम दुकानात नेली आणि दुकानदाराने मजुरीही कमी घेतली. फी थांबवलेल्या त्या मैत्रिणीचा मिक्सर आता आम्ही सगळ्यांच्या आधी तपासतो.

भेटू पुढच्या भागात. रामराम.